रेगिनाबाईंची जीभ

आमच्या औषधांच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक काम करणारी, आणि दुसरी ते काम होताना पाहिलं म्हणून सही करणारी. मी दुसऱ्या प्रकारातला. प्रयोगशाळेत कुणी एकट्याने काही मोजायचं नाही, शेजारी साक्षीदार हवा, असा नियम आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी अर्धं आयुष्य लोकांच्या शेजारी उभं राहण्यात घालवलं. पाय दुखतात, बाकी तक्रार नाही.

पूर्वी गोळ्यांची चव बायका बघायच्या. पुरुषांना बसवून पाहिलं होतं, पण ते सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणायचे. गोळी जिभेवर ठेवायची, चावायची नाही, गिळायची नाही. कडवटपणा कधी आला, किती आला, ते शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचं. मग तस्तात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, पावाचा तुकडा खायचा, पुढची गोळी घ्यायची. हळूहळू सुटणाऱ्या औषधांसाठी याला फार किंमत असते. गोळीवरचं आवरण धड असेल तर तोंडात काहीच लागत नाही आणि औषध पोटात दिवसभर थेंबाथेंबाने सुटतं. आवरण फाटकं असेल तर दिवसभराचं औषध एका दमात बाहेर येतं, आणि ही बातमी सगळ्यात आधी जिभेला कळते.

या बायकांमध्ये रेगिनाबाई म्हणजे सरन्यायाधीश. गोळी तोंडात घेऊन त्या खिडकीबाहेर नारेव नदीकडे बघत उभ्या राहायच्या. चेहऱ्यावर काही नाही. आकडा सांगायचा तो एकदाच. पुन्हा विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायच्या. नऊच्या वर त्यांनी कधी दिले नाहीत. दहा का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “एवढ्यात कशाला? अजून वाईट काहीतरी बनवालच तुम्ही.”

मग राजधानीतल्या कुठल्याशा समितीला जाग आली. माणसांना पगार देऊन औषधं चाखायला लावणं असंस्कृत आहे, असं ठरलं. बायका पॅकिंगला गेल्या आणि त्यांच्या जागी जीभ आली, इलेक्ट्रॉनिक. दिसायला अगदीच साधी: बोरूसारख्या बारीक दांड्यांचा एक जुडगा, प्रत्येकीच्या टोकाला चरबीचा पातळ पापुद्रा. जुडगा पाण्यात बुडवायचा, पाण्यात गोळी सोडायची. पापुद्र्यांवर जे काही चिकटतं त्यावरून विजेचा दाब बदलतो आणि पडद्यावर आकडा येतो. पण अमुक इतका दाब म्हणजे माणसाला किती कडू, हे त्या यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी बायकांनी पूर्वी दिलेले सगळे आकडे त्याच्यात घातले. यंत्र गोंधळलं. एकीचे आकडे सासूशी भांडण झालं की वाढायचे, दुसरी सिगारेट ओढायची. डॉक्टर कोर्नेलियांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, एकेकीला वगळत नेलं. शेवटी फक्त रेगिनाबाई उरल्या. त्यांच्या आकड्यांवर यंत्र असं सुरळीत चाललं की ते बसवायला आलेला माणूसही चकित झाला. त्याने विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, पॅकिंगला आहे, डबे चिकटवते.

यंत्र चालवण्याचं काम लुत्सियानकडे आलं. लुत्सियान म्हणजे रेगिनाबाईंचा नवरा. यावर कॅन्टीनमध्ये बरेच विनोद झाले. बायकोच्या जिभेला बटण मिळालेला पोलंडमधला पहिला नवरा, हा त्यातला सगळ्यात सभ्य.

पुढच्या वसंतात रेगिनाबाई गेल्या. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर टेकल्या आणि उठल्या नाहीत. रक्तदाब एकाएकी खाली गेला, असं इस्पितळात म्हणाले. वय, हृदय वगैरे. त्या रक्तदाबासाठी आमच्याच कारखान्याची गोळी घेत होत्या, ती दिवसभर सुटणारी. आम्ही सगळेच घेतो. कर्मचाऱ्यांना सवलत आहे.

त्यानंतर यंत्र जरा विचित्र वागू लागलं. सुरुवातीला माझ्या लक्षातही आलं नसतं, पण शेजारी उभं राहायचा पगार मिळत असला की माणूस बघतो. शुक्रवारी जिलेटिनच्या कॅप्सूल लावल्या की आकडा यायचाच नाही. गुरुवारी यायचा, शनिवारी यायचा. रेगिनाबाई शुक्रवारी मांस वर्ज्य करत आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांचं असतं म्हणून त्या दिवशी कॅप्सूलला हात लावत नसत. डॉक्टर कोर्नेलियांनी शांतपणे समजावून सांगितलं. शिकवताना घातलेल्या माहितीत शुक्रवारची कॅप्सूल नाही, म्हणून प्रोग्रॅमला ती ओळखता येत नाही. मला पटलं. फक्त प्रोग्रॅमला वार कसा कळतो, हे विचारायचं राहून गेलं. कॉफीच्या सुट्टीनंतर यंत्र थोडं बधिर व्हायचं. हिटरचा परिणाम, डॉक्टर म्हणाल्या. गार पाण्याने दांड्या धुतल्या की आकडे थरथरायचे, कोमट पाण्याने धुतल्या तर नाही. यावर त्या काही म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून कोमट पाणी वापरायची सूचना भिंतीवर लागली. साफसफाईच्या बाईने त्या खोलीत पाठमोरं उभं राहून पुसायला सुरुवात केली. आम्हीही नकळत ‘यंत्राला लावून बघ’ ऐवजी ‘रेगिनाबाईंना विचार’ म्हणू लागलो. लुत्सियान हसायचा नाही, रागावायचाही नाही. दांड्या धुवून तो मऊ कापडाने एकेक टिपायचा. मी शेजारी उभा असलो की नजर दुसरीकडे वळवायचो, कारण त्या बघण्यावर सही करणं मला बरं वाटत नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा बसची वाट बघताना त्याने मला सांगितलं. जायच्या आधी आठवडाभर रेगिना तक्रार करत होती. नव्या पाकिटातल्या गोळ्या तोंडात टाकल्याबरोबर कडू लागतात, म्हणायची. गिळण्याआधी क्षणभर जिभेवर धरायची तिची सवय होती. चाखायचं काम सुटलं तरी ती सुटली नाही. त्याने तपासलं होतं. त्या घाण्याचे, म्हणजे त्या एका खेपेत बनलेल्या मालाचे, कारखान्यात राखून ठेवलेले नमुने उत्तम होते. लाखो गोळ्यांतून सहा तपासल्या होत्या, सहाही पास. घरी येऊन त्याने तिला सांगितलं की तू पॅकिंगला आहेस, आता चाखत बसू नकोस, गीळ.

“आणि तिने गिळली?” मी विचारलं.

“तीस वर्षांत माझं पहिल्यांदा ऐकलं.”

तिच्या पट्टीतल्या शेवटच्या तीन गोळ्या त्याने जपून ठेवल्या होत्या. त्या यंत्राला लावू द्या म्हणून तो डॉक्टर कोर्नेलियांकडे गेला. त्यांनी नाही म्हटलं, आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, वाफेत, चुलीवरच्या फडताळात पडून राहिलेली गोळी हा नमुना नसतो, कचरा असतो. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या घाण्याचा निम्मा माल अजून दुकानांत होता. डॉक्टर वाईट बाई नव्हत्या. लुत्सियानसाठी त्यांनी रजा मंजूर केली, फुलं पाठवली. फक्त हे नाही.

“मला ती गोळी चांगली निघायला हवी आहे, ब्रोनेक,” लुत्सियान मला म्हणाला. “चांगली निघाली तर मी तिला काही चुकीचं सांगितलं नाही.”

बस आली. 

डिसेंबरात नाताळच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी कारखान्यात जेवण असतं. कॅन्टीनमध्ये पांढरे कागद अंथरतात, बीटाचं सार, हेरिंग मासा, खसखशीचा केक. संचालक भाषण करतात, त्यात ‘कुटुंब’ हा शब्द येतो आणि ज्यांना जानेवारीत काढायचं असतं त्यांच्याकडे ते बघत नाहीत. मग प्रत्येकाच्या हातात ओप्वातेक येतो: कागदासारखी पातळ, पांढरी, बेचव पोळी, वर बाळ येशूचा ठसा. एकमेकांसमोर धरायची, समोरच्याच्या पोळीचा तुकडा मोडून खायचा आणि त्याला आरोग्य चिंतायचं. वर्षभर ज्याच्याशी बोललो नाही त्याच्याशीही मोडावा लागतो. पुढे केलेला ओप्वातेक नाकारलेला मी आजवर पाहिला नाही. घटस्फोटाच्या तारखा चालू असलेल्या जोडप्यांनाही मोडताना पाहिलं आहे.

चारलाच बाहेर अंधारलं होतं. मी हेरिंगच्या ताटाकडे निघालो होतो तेवढ्यात लुत्सियानने दंडाला धरलं.

“चल. सही लागणार आहे.”

“आज? अरे, मासा संपेल.”

“तुझा वेगळा काढून ठेवायला सांगितलाय. चल.”

प्रयोगशाळेत फक्त यंत्राचा दिवा चालू होता. त्याने मोठा दिवा लावलाच नाही. भांड्यात कोमट पाणी घेतलं, दांड्या बुडवल्या, आकडा शून्यावर स्थिर होईपर्यंत थांबला. मग खिशातून रुमाल काढला. रुमालात ओप्वातेकचा तुकडा होता. त्याने चिमूटभर मोडून पाण्यात सोडला.

मी म्हणालो, हे काय चाललंय?

“या सणाला गोठ्यातल्या गाईलासुद्धा देतात, म्हणजे ती बोलते. हिला नको?”

लहानपणी आजोबा आमच्या गाईला देत. तिचं बोलणं चोरून ऐकायचं नाही, अशी सक्त ताकीद असे. जो ऐकतो त्याला स्वतःच्या मरणाची बातमी कळते म्हणतात. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवलं आणि मी दाराकडे पाहिलं. पण मी साक्षीदार. साक्षीदाराने जायचं नसतं.

आकडा शून्यच राहिला. “आवडलं तिला,” लुत्सियान म्हणाला. त्याने दांड्या धुतल्या, टिपल्या, नवं पाणी घेतलं. आधी राखीव नमुन्यातली गोळी सोडली. शून्य. आम्ही बराच वेळ थांबलो. खालून कॅन्टीनमधली नाताळगीतं येत होती, सगळे वेगवेगळ्या सुरांत. शून्यच. चांगली गोळी असते तशी ती पाण्याच्या तळाशी गप्प पडून होती. त्याने ती काढली, पुन्हा धुणं, टिपणं, पुन्हा नवं पाणी. आणि रेगिनाबाईंच्या पट्टीतली गोळी दाबून बाहेर काढली.

गोळी पाण्यात पडली आणि पडद्यावरचा आकडा गेला. शून्य नाही, काहीच नाही. रेगिनाबाई गोळी तोंडात घेऊन नदीकडे बघत तेवढाच वेळ गेला असेल. मग आकडा आला.

दहा.

लुत्सियान खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मला ताबडतोब काहीतरी तांत्रिक बोलावंसं वाटलं. ज्या यंत्राला दहा कधी शिकवलेच नाहीत, त्याने दहा दाखवायला नकोत, असं मी म्हणालो. त्याने गोळी काढली, दांड्या धुतल्या, पहिल्यापेक्षा जास्त वेळ धुतल्या, आणि ताज्या पाण्यात बुडवल्या. नुसत्या पाण्यात.

दहा.

पाणी बदललं. दहा. साखरेचं पाणी केलं. दहा. तेही माझ्या हाताने केलं. पुन्हा साधं पाणी. दहा. खोलीत थंडी नव्हती तरी मी कोट अंगात असल्याची खात्री करून घेतली.

तेवढ्यात डॉक्टर कोर्नेलिया आल्या. हातात सुक्या फळांच्या सरबताचा ग्लास, कोटाच्या खिशातून डोकावणारा ओप्वातेक. संचालक तुम्हा दोघांना शोधताहेत, असं म्हणता म्हणता त्यांनी पडदा पाहिला, ट्रेमधली गोळी पाहिली, दांडीला अजून चिकटून असलेला पांढरा कण पाहिला.

“लुत्सियान. तुम्ही यंत्राला खाऊ घातलंत?”

लुत्सियानने मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, वर्गात सांगावं तसं. ते पीठ आहे. पीठ पापुद्र्यांना चिकटतं. पापुद्रे गेले. आता हे यंत्र साध्या पाण्यालाही काहीही म्हणेल, आणि म्हणतंच आहे. याआधी काय म्हणालं तेही आता ग्राह्य धरता येणार नाही. सुट्टीनंतर पापुद्रे नवे बसवू, आणि जुने आकडे पुसून नव्या माणसांचे घालू. ते तसंही करायचंच होतं.

“पुसून?” लुत्सियान म्हणाला.

“एका माणसाच्या चवीवर कारखाना चालत नाही.”

त्यांचं बोलणं बरोबर होतं. ज्या एका संध्याकाळी रेगिनाबाईंचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं, त्या संध्याकाळी लुत्सियानने आधी त्यांना प्रसाद भरवला आणि साक्ष बाद करून टाकली. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. मीही त्याला थांबवलं नव्हतं.

 लुत्सियानने रुमालातला उरलेला ओप्वातेक तळहातावर घेतला, दुसरी गोळी पट्टीतून काढून त्या पांढऱ्या पोळीवर ठेवली आणि हात डॉक्टरांपुढे धरला.

“आपलं अजून राहिलंय, डॉक्टरबाई.”

त्या हसल्या नाहीत. “हे योग्य नाही.”

“आज नाही म्हणतात का?”

खालचं गाणं संपलं होतं. डॉक्टर कोर्नेलियांनी ग्लास ठेवला. त्या शास्त्रज्ञ आहेत, परदेशात शिकल्या आहेत, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण असतं. पण त्यांचा हात पुढे आला, मला वाटतं त्यांनी ठरवण्याच्या आधीच आला. त्यांनी पोळीचा कोपरा मोडला, खाल्ला, आणि अस्पष्टपणे ‘आरोग्य लाभो’ म्हणाल्या. मग गोळी उचलून जिभेवर ठेवली. तोंड मिटलं. खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. बाहेर अंधारात नदी दिसत नव्हती, तरी त्या तिकडेच बघत होत्या.

मी पडदा बघत होतो, माझं कामच ते. दहाचे नऊ झाले. मग सात. मग आकडे पायऱ्या उतरावेत तसे उतरू लागले. दांड्या त्याच पाण्यात, त्याच पापुद्र्यांसकट उभ्या होत्या. कुणी हात लावला नव्हता. डॉक्टरांची मान आखडली आणि त्यांनी तस्त ओढून थुंकलं. पडद्यावर शून्य होतं.

“लगेच,” त्या म्हणाल्या. ओठ पुसले, पुन्हा पुसले. “ठेवल्याबरोबर. आवरण नाहीच आहे तिला.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फोन काढला आणि गोदामप्रमुखांना लावला. ते खाली मासा खात असणार. तो घाणा थांबवा, त्या म्हणाल्या. दुकानांतलाही परत बोलवा. नाही, सुट्टीनंतर नाही, आत्ता. कशाच्या आधारावर, असं पलीकडून विचारलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मी स्वतः चाखलीय.” असा आधार कारखान्यात कित्येक वर्षांत कुणी दिला नव्हता. पलीकडून वाद झाला नाही.

म्हणजे रेगिनाबाई खरं बोलत होत्या. हे कळल्यावर लुत्सियानला काय वाटलं असेल याचा अंदाज मी करत होतो, तोवर त्याने तिसरी गोळी पट्टीतून काढली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला. “लुत्सियान, गिळू नका. ऐकताय? गिळायची नाही.”

त्याने बोट वर करून कळलं अशी खूण केली. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो चघळत नव्हता, गिळत नव्हता, नुसता थांबला होता, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा.

“मला काही लागत नाहीये,” तो गोळी गालात सारून म्हणाला.

पडद्यावर एक आला. मग दोन.

“जरा थांब,” मी म्हणालो. कुणाला, ते मलाही सांगता येणार नाही.

तो थांबला. तीन. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा ओशाळला. घाईघाईने म्हणाला, “लागली. लागली, रेगिना. कडू आहे.”

चार.

तो खोटं बोलतोय हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. डॉक्टर फोनवर गोदामाला पट्टीवर छापलेला घाण्याचा नंबर वाचून दाखवत होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी तस्त त्याच्यापुढे सरकवलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. यंत्रासमोरची खुर्ची ओढली आणि बसण्याआधी तिच्यावर फुंकर मारली. या सणाला आमच्याकडे सगळेच मारतात, गेलेलं कुणी येऊन बसलेलं असलं तर त्याला सरकायला सवड मिळावी म्हणून. फुंकर मारून तो वाकलेलाच राहिला, खुर्चीकडे बघत. मग हळूच तिला होती तिथे नेऊन ठेवली, भिंतीजवळची दुसरी आणली, तिच्या शेजारी मांडली, आणि त्या दुसरीवर बसला. तोंड मिटलेलं. गोळी जिभेवर. पडद्यावर चार.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला, पण खोलीतून गेल्या नाहीत. आम्ही तिघं थांबलो, ती गोळी त्याला कडू लागण्याची वाट बघत.